हळदीच्या मांडवात चिकनगुनिया

कोपरगावजवळच्या मळ्यात मोनिकाला हळद लागत होती, तेवढ्यात ती काम करायची त्या पुण्याच्या लॅबमधून मैत्रिणीचा, रेश्माचा फोन आला. नवरीचे दोन्ही हात पिवळेजर्द, स्क्रीन बोट ओळखेना. शेवटी लंकाबाई मावशीने फोन पदराला पुसला आणि तिच्या कानाला धरला.

"मोने, नाही वाढला! एकाही पेशीत नाही!"

मोनिका पाटावरून उठलीच. "खरंच? नाहीच झालं? काहीच झालं नाही!"

हलगी थांबली. तिचे वडील, मच्छिंद्र आबा, जागीच उभे राहिले. "काय न्हाई झालं? पोरानं न्हाई म्हनलं का?"

कुणीतरी तिकडे सुप्याला नवरदेवाला, ओंकारला फोन लावलासुद्धा.

"अहो आबा, नवरा नाही, चिकनगुनिया!"

त्याने गोंधळ आणखीच वाढला. नवऱ्या मुलाला चिकनगुनिया झालाय, ही बातमी भाताच्या पातेल्यापर्यंत पोहोचली.

मोनिकाला हसू आवरेना. मावशीला गेल्या वर्षी चिकनगुनिया झाला होता. अजून सकाळी तिची मूठ वळत नव्हती. मोनिकाने तिचाच हात धरला.

"मावशे, डास चावला की विषाणू पेशीत शिरतो. त्याचं स्वतःचं सामान फार थोडं. पण त्याच्या एका प्रोटीनला शेपटी असते. ती आपल्या पेशीतलंच एक प्रोटीन धरते, कामाला लावते, आणि मग विषाणूच्या नकलांवर नकला. आम्ही शेपटीचा तेवढा धरायचा तुकडा काढून टाकला. आता विषाणू आत शिरतो, पण नक्कल एकही निघत नाही!"

"म्हंजी आपलंच मानूस फितवतंय व्हय ते! मंग औषध आलं?"

"नाही गं, त्याला लई वर्षं लागतील. पण त्याला कुठं अडवायचं ते कळलं."

"कळलं ना? बास!" मावशीने ओंजळभर हळद तिच्या गालांवर थापली. "वाजीव रं हलगी!"

मावशी एक हात गुडघ्यावर ठेवून नाचू लागली. आबाही नाचले, कशासाठी ते नीट न समजताच. रेश्मा अजून फोनवरच होती. हलगी ऐकून तीही लॅबमध्ये गिरक्या घेत होती.

तेवढ्यात आबांच्या मोबाइलवर ओंकारचा फोन आला, तो त्यांनी मोनिकाच्या दुसऱ्या कानाला लावला. आवाज रडवेला.

"मोनिका, उद्या यायचं ना आम्ही?"

"ये की रे! अरे, शेपटी तुटली!"

"कुणाची?" ओंकारने विचारलं, पण हलगीत ते कुणाला ऐकूच गेलं नाही.