दोन हातांची चड्डी

मी एक जुनी पिठाची पिशवी आहे. नाही, चुकलं. मी एक जुनी चड्डी आहे. मित्रांनो, याच चुकीपायी माझा जीव जाणार होता, म्हणून आधी दुरुस्त केलं.

पिशवीचं थोडक्यात. मला अमेरिकेत विणलं. अंगावर छाप मारला: एकमेकांत गुंफलेले दोन हात, आणि खाली, ‘अमेरिकन जनतेची भेट. विकू नये.’ पोटात पीठ घेऊन मी बोटीने कोरियाला गेले. तिथे युद्ध थांबून थोडीच वर्षं झाली होती. पूल पडलेले, गिरण्या जळलेल्या. अमेरिकेला तिथे आपल्या बाजूचा देश उभा राहायला हवा होता. लोकांना आधी जेवायला हवं होतं.

पीठ संपलं. मी उरले.

खत-कारखान्याच्या बांधकामावर खडी वाहणाऱ्या एका बाईने मला धुतलं, कापलं. माझं तोंड ज्या दोऱ्याने शिवलं होतं, तोच उकलून तिने मुलीसाठी चड्डी शिवली. कापड बेताचं. दोन हात नेमके बसायच्या जागी आले.

मुलीचं नाव ओक-जा. तीन वर्षं तिने मला घातलं. दरवर्षी आई आत दुमडलेलं कापड एक बोट सोडायची. कारखाना वर चढायचा, मी खाली उतरायचे.

मग पेटी. साठ वर्षं. अंधाराबद्दल काय सांगू!

आता अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं ट्रॉय गाव. ओक-जाचा लेक इथे मोटारींच्या भागांच्या कोरियन कंपनीत आहे. त्याच्यामागून ती आली, तिच्या पेटीतून मी. तिने मला गावातल्या संग्रहालयाला दिलं. प्रदर्शनाचं नाव ‘मैत्री’. शनिवारी कोरियन वकिलातीचे पाहुणे यायचे होते.

“रत्नाकाकू, ही उसवून फ्लॅट करा,” प्रदर्शन मांडणारा संजीव म्हणाला. “पिशवी म्हणूनच लावू. मैत्रीचे हात काय ढुंगणावर दाखवायचे?”

रत्नाकाकू तिथे जुनी कापडं दुरुस्त करतात. त्यांनी मला उलटं केलं. घड्यांच्या तीन रेघांवरून बोट फिरवलं. कात्री खाली ठेवली.

“ही पोरीची उंची आहे रे. मी नाही उसवणार.”

“काकू, प्लीज यार. कॅटलॉग प्रिंट झालाय. त्यात पिशवी आहे.”

“मग कॅटलॉग उसव.”

संजीवने कात्री स्वतः उचलली. टोक पहिल्या टाक्याखाली गेलं. त्या आईच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं.

काकूंनी ओक-जाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, सगळं सांगितलं.

“देणगीच्या कागदावर सही केलीय मी, अडवणार नाही,” ओक-जा इंग्रजीत म्हणाली. “पण पाहुण्यांना एवढं सांगा. त्या हातांवर बसून मी अक्षरं शिकले. बसायला दिलं, त्याचे आभार. उठलो मात्र आमचे आम्ही.”

कात्रीचं टोक हळूच बाहेर आलं.

“कॅटलॉगच्या दोनशे कॉपीज आहेत, काकू,” संजीव म्हणाला.

“पेन दोन आणलेत मी. बस, ‘पिशवी’ खोडून ‘चड्डी’ लिहू.”

शनिवारी मी दाराकडे पाठ करून उभी होते. खाली पाटी: ‘चड्डी. ओक-जाच्या आईने शिवली.’ पाहुणे आधी हसले, मग वाकून टाके बघत राहिले.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू नीटनेटकी करायला घ्याल, तेव्हा आधी तिची आतली बाजू बघा. तिथे कुणीतरी राबलेलं असतं. ते पुसून तिला सुंदर करू नका.