कुशाबाईच्या चुलीखालचं

गुरुवार उजाडला की बिरू गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचा. बारामतीच्या एमआयडीसीत सहा दिवस मशीनपुढं उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी, लोक पाय ताणून झोपलेले असताना, दुसरं मशीन खांद्याला अडकवून बागेत जायचं. मोटारसायकलवर मागं ऐंशीच्या घरातला बाप, गेणबा.

पिंपळीतल्या घरापासून बागेपर्यंत गेणबा अवाक्षर बोलत नसे. बागेत पाय टाकला की त्याला वाचा फुटायची. आता घसरगुंडी आणि सिमेंटचा हत्ती आहे, तिथं त्याच्या लहानपणी उघडा माळ होता. मेंढरं घेऊन कोकणाकडं निघालेला त्यांचा तळ तिथं पडला. चोरांची आवई उठली, म्हणून गेणबाच्या आईनं, कुशाबाईनं, घरातले सगळे राणीछाप रुपये गाडग्यात घालून चुलीखाली पुरले. पहाटे मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली, लोक काठ्या घेऊन धावून आले, आणि तळ जीव मुठीत धरून पळाला. गाडगं तिथंच राहिलं. कुशाबाई परत आली तोवर आणखी दोन तळ पडून गेले होते. माळभर चुलींच्या राखा. त्यातली आपली कुठली? भावकीनं मात्र बसल्या बसल्या निकाल लावला: पुरलंबिरलं काही नाही, बाईनं रुपये माहेरी पोचवले. तो डाग घेऊनच ती मेली.

मातीखालचं नाणं हुडकणारं मशीन म्हाताऱ्यानं नातवाच्या मोबाईलवर पाहिलं आणि धोशा लावला. बिरूनं ते मागवलं, तिथंच तो फसला. चूल एका गुरुवारी कडुनिंबाखाली असायची, पुढच्या गुरुवारी झोपाळ्यापाशी. मशीन इमानानं कोकलायचं आणि खालून निघायची बाटल्यांची बुचं. बिरू उकरायचा, माती परत लोटायचा आणि वर रखवालदाराच्या शिव्या खायचा.

"आबा, पुरं आता. कंबर ऱ्हायली न्हाय माझी."

"आता तिकडं बघू. तितं वारा आडतोय. चूल तितंच आसणार."

"मागल्या बारीला तुमी हितं म्हनला व्हता."

"मागल्या बारीला चुकलं आसंल."

घरी संजीवनी नवऱ्याचे तांबारलेले डोळे बघून चिडायची. "आवो, एक दिस तरी झोपा की! कारखान्यात डुलकी लागली म्हंजे?"

शेवटी बिरूनं शक्कल लढवली. बारामतीत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून तो इंदापूरला गेला आणि सराफाकडून एक राणीछाप रुपया घेऊन आला. चकाकी जावी म्हणून तो शेणमातीत मुरवला आणि बुधवारी शिफ्ट सुटल्यावर कडुनिंबाखाली पुरला. हे पाप आहे असं त्याला वाटलं नाही. त्याला फक्त झोप दिसत होती.

गुरुवारी मशीन वाजल्यावर त्यानं खुरपं बापाच्या हातात दिलं. गेणबा फतकल मारून उकरू लागला. रुपया वर आला तसा त्यानं तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि कपाळाला लावला. आणि तेव्हा कुठं बिरूच्या डोक्यात उजेड पडला: एक सापडला म्हटल्यावर म्हातारा आता बाकीच्यांसाठी आख्खी बाग खणायला लावणार! स्वतःच्या अकलेला त्यानं मनोमन चार शिव्या हासडल्या.

पण गेणबा तसाच बसून राहिला. "बाकीचं कुणी नेलं आसंल. ऱ्हाऊ दे. मला एकच पायजे हुता."

मग त्याला रडू फुटलं.

"भावकी बोलायची, ती बोलायचीच. पर मलाबी तसंच वाटायचं रं, बिरू. आई हातरुणावर पडली, तवा म्या तिला इचारलं, आता तरी खरं सांग, मामाला दिलंस न्हवं? तिनं तोंड फिरवलं. परत माझ्याशी बोलली न्हाय. तशीच गेली."

बिरूच्या ओठावर सगळं आलं होतं. ते त्यानं गिळलं. बापाला काखेत हात घालून उठवलं, तेव्हा म्हातारा कधी नव्हे इतका हलका लागला.

"मशीन इकून टाक," गेणबा म्हणाला. "लई दमवलं तुला."

रुपया देव्हाऱ्यात टाकांशेजारी बसला. म्हाताऱ्यानं भावकी बोलावली. भावकीतल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी तर देव्हाऱ्यापुढं नाक घासून कुशाबाईची माफी मागितली. बिरूनं सगळ्यांना चहा दिला.

पुढच्या गुरुवारी त्याला कुणी हाक मारली नाही. संजीवनीनं पोरांना दटावून गप्प बसवलं होतं. बिरू डोळे टक्क उघडे ठेवून पडला होता. शेवटी तो उठला, मशीन मोटारसायकलला बांधलं आणि विकायला चाललोय असं सांगून बागेत आला.

कॅनॉलकडच्या कोपऱ्यात त्यांनी कधी बघितलं नव्हतं. तिथून त्यानं सुरुवात केली. मशीन वाजलं, बूच निघालं. पुन्हा वाजलं, खिळा निघाला. दंड भरून आले, तरी तो थांबला नाही. कुशाबाई खरं बोलत होती, हे आता साऱ्या भावकीला ठाऊक होतं. एकट्या बिरूला तेवढं ठाऊक नव्हतं.