चौदाव्या पेटीतल्या सासूबाई

मावशीने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि व्हिडिओ गेम कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. तरी गेले वर्षभर ती रोज नऊ ते पाच एका चाच्याच्या जहाजावर राबत होती आणि सोबत अकरा बायकांना राबवत होती.

जहाज म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली, केसांचे टोप बनवायचा कारखाना. प्रत्येकीपुढे एक लाकडी डोकं, त्यावर ताणलेली जाळी, हातात बारीक आकड्याची सुई. जाळीच्या एकेका भोकातून एकेक केस ओढायचा आणि गाठ मारायची. एका टोपाला तीस-चाळीस हजार गाठी. यात हात गुंततात, डोळे गुंततात, कान मात्र मोकळे राहतात. मोकळ्या कानांत काही ओतलं नाही तर बायका एकमेकींचे संसार उसवायला घेतात आणि गाठी ढिल्या पडतात. म्हणून एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी बांधायचं, अशी या खोलीची जुनी रीत होती.

मावशीने तीस वर्षं बांधलं. मग बोटांचे सांधे आखडले, सुई धरली की अंगठ्यातून कळ थेट खांद्यापर्यंत जायची. तेव्हा खोलीतल्या सगळ्यांत जुन्या बाईने, जिला सगळ्या थोरली म्हणत, निकाल देऊन टाकला. "ही वाचेल. हिचा टोप आपण वाटून घेऊ. रोज प्रत्येकीने एक ओळ." मालकाला बारा डोकी भरलेली मिळाली की झालं, कोणतं कुणी भरलं याच्याशी त्याला काय देणंघेणं. तेव्हापासून कोपऱ्यातल्या बाराव्या डोक्यावर रोज अकरा जणींच्या अकरा ओळी चढत, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून मावशी वाचत असे.

घरी मुलगा होता, सून होती. सून फार चांगली, मावशीला इकडची काडी तिकडे करू देत नसे. त्यामुळे घरात मावशीला बसून राहण्याखेरीज उद्योग नव्हता. ही खुर्ची गेली तर दिवसभर तिकडेच बसायचं होतं.

चाचे आले मालकाच्या कृपेने. त्याने घर बदललं आणि नको असलेलं एक खोकं खोलीत आणून टाकलं. खोक्यात 'सात कवट्यांचा कप्तान' या कादंबरीचे नऊ भाग होते. आधी गेम आला होता, तो धो धो खपला, मग कुणीतरी त्याच्यावरून भराभर पुस्तकं पाडली. पाडली होती म्हणजे अगदी पाडलीच होती. मावशीने पहिला भाग इमानेइतबारे वाचला. कप्तान जिना चढला. वर दार होतं. दार बंद होतं. त्याने डावीकडे पाहिलं. डावीकडे पेटी होती. पेटीत औषधाच्या दोन बाटल्या आणि एक गंजकी चावी होती. मग सात माणसं अंगावर आली, कप्तानाने सातही मारली, स्वतः तीन गोळ्या खाऊन पडला, एक बाटली प्याला आणि उठून पुढचा जिना चढायला लागला.

"ती बाटली कुठे मिळते विचार," थोरली म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना हवी आहे."

"दारूगोळ्याचं कोठार उडालं, हा आगीतून बाहेर आला, आणि वेणी जशीच्या तशी?" दुसरी म्हणाली. "केस कुठल्या कारखान्याचे म्हणायचे?"

पहिले चार दिवस अशी थट्टा तरी झाली. नंतर थट्टाही आटली. दुसऱ्या भागात पेटीमागून पेटी उघडत गेली तशा बायका पेंगायला लागल्या. समोरची लाकडी डोकी त्यांच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती. मग एका दुपारी खिडकीजवळची सहज म्हणून गेली, "त्यापेक्षा एक रेडिओ आणूया का?"

रेडिओला खुर्ची लागत नाही आणि त्याच्या वाटच्या ओळी कुणाला बांधाव्या लागत नाहीत. मावशीने घाईघाईने पुढचं वाक्य वाचायला घेतलं. कप्तानाने चौदावी पेटी उघडली. पुढे बाटल्या होत्या, चावी होती, सगळं छापलेलं समोर दिसत होतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पेटी उघडली, तर आत सासूबाई."

अकरा सुया थांबल्या.

"कुणाच्या?" थोरलीने विचारलं.

"कप्तानाच्या," मावशी म्हणाली आणि पुस्तकात नाक खुपसून पुढे वाचू लागली, म्हणजे पुढे ठोकू लागली. "सासूबाई म्हणाल्या, आलात? तेरा पेट्या उघडून झाल्यावर? वस्तू कुठे ठेवली आहे ते एकदा तरी लक्षात राहतं का तुमच्या?"

त्या दिवशी रेडिओचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि सासूबाईही परत पेटीत गेल्या नाहीत. शत्रूच्या जहाजावर चढण्याआधी पाय पुसायचे, असा त्यांनी नियम केला. चाच्यांचे मोजे धुऊन डोलकाठीवर वाळत घातले, ते दुरून पांढऱ्या निशाणासारखे दिसले, आणि शरणागती घ्यायला बेसावध आलेलं अख्खं आरमार कप्तानाने फुकटात लुटलं. त्याबद्दल जावयाचं कौतुक न करता त्यांनी फक्त मोजे मोजले. एक कमी भरला. त्या एका मोज्यापायी तिसरा, चौथा आणि पाचवा भाग खर्ची पडला. बायकांचे हात असे चालत होते की मालक दारात उभा राहून नुसता बघायचा.

अशा सुखात नवी आली. एकजण काम सोडून गेली होती, तिच्या जागी. तिशीची बाई, पदरी लहान मूल. बाळंतपणाआधी डॉक्टरांनी तिला चार महिने झोपून राहायला सांगितलं होतं, आणि त्या चार महिन्यांत तिने 'सात कवट्यांचा कप्तान' हा गेम खेळून दोन वेळा संपवला होता. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने सुई खाली ठेवली.

"यात सासूबाई कुठे आहेत?"

"गेममधून गाळल्या असतील," मावशी शांतपणे म्हणाली. "पुस्तकात सगळं सविस्तर असतं."

"गेमवाल्यांना सासू झेपली नसेल," थोरली म्हणाली आणि सगळ्या हसल्या. नवी हसली नाही.

शुक्रवारी डबे धुताना नवीने मावशीला नळाजवळ गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मावशी, मला गोष्टीचं काही नाही," ती म्हणाली. "पण माझा हात अजून बसलेला नाही. माझं स्वतःचं डोकं वेळेत होत नाही, त्यात रोज तुमची एक ओळ. ती मी तुमच्या वाचण्यासाठी देते ना? आणि तुम्ही वाचतच नाही. काल तासभर तुम्ही पान उलटलं नाही. मी बघत होते."

बाईचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती.

"सोमवारी सहावा भाग सुरू होतोय. गेमच्या नादात घेतलेला माझ्या घरी आहे तो, मी घेऊन येते," नवी म्हणाली. "शब्द जुळले तर ओळ बांधीन. नाही जुळले तर सगळ्यांना सांगीन."

रविवारी मावशीने जुनी सुई शोधून काढली. पातेलं पालथं घालून त्याच्यावर जाळीचा तुकडा ताणला आणि बसली. दुपारपर्यंत तीन गाठी झाल्या. तिसरी सुटली. अंगठा असा ठणकत होता की डोळ्यांत पाणी आलं.

"आई, कशाला त्रास करून घेता?" सून प्रेमाने म्हणाली आणि पातेलं उचलून घेऊन गेली. "तुम्ही आपल्या निवांत बसा बघू."

मावशी निवांत बसली. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी नवीने खरोखरच पुस्तक आणलं. लाकडी डोक्याला टेकवून उघडं ठेवलं. मावशीने चष्मा लावला आणि जे छापलं होतं ते वाचायला लागली. कप्तान किनाऱ्यावर उतरला. समोर जिना होता. कप्तान जिना चढला. नवी हाताने गाठी मारत होती आणि डोळ्यांनी छापील ओळी तपासत होती. शब्द न् शब्द जुळत होता.

"सासूबाई कुठे आहेत?" थोड्या वेळाने थोरलीने विचारलं.

"झोपल्यात," मावशी म्हणाली. एवढं एकच ती पदरचं बोलली.

पहिल्या पेटीत बाटल्या निघाल्या. दुसऱ्या पेटीत बाटल्या निघाल्या. तिसरीला कुलूप होतं, म्हणून कप्तान चावी आणायला परत पहिल्या पेटीकडे गेला. दहा वाजता टेबलाच्या टोकाची पेंगायला लागली. साडेदहाला दोघींचं कुणाच्या तरी दिराच्या दुसऱ्या लग्नावरून सुरू झालं. नवी अकरापर्यंत चार ओळी करायची, आज तिच्या दीड झाल्या होत्या. तिने स्वतः दोनदा जांभई दिली आणि तोंड वळवून लपवली. मावशीने ती पाहिली, पण वाचणं थांबवलं नाही. खोटं बोलून खुर्ची राखायची हिंमत रविवारी पातेल्याबरोबरच उचलली गेली होती.

"मी काय म्हणते," खिडकीजवळची म्हणाली, "त्या रेडिओचं काय झालं?"

कुणी नको म्हटलं नाही. थोरलीनेसुद्धा नाही. मावशीने पुढचं वाक्य वाचलं. "कप्तानाने चौथी पेटी उघडली. पेटीत औषधाच्या दोन बाटल्या आणि एक गंजकी चावी होती."

"मावशी, तुम्ही ओळ गाळलीत," नवी म्हणाली.

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. मावशीने पानाकडे पाहिलं. गाळलेलं काही नव्हतं. आता ही सगळं सांगणार, असं वाटून तिने पुस्तक मांडीवर ठेवलं.

नवीने आपलं पुस्तक उचललं, पानावर बोट टेकवलं आणि शाळेत उभं राहून वाचावं तसं खणखणीत वाचलं. "बाटल्यांच्या मागून आवाज आला, झाकण लावा आधी. सकाळपासून बघतेय, एकाला पेटी बंद करायचं वळण नाही."

आधी थोरली हसली. मग पेंगणारी जागी होऊन, का ते न कळताच हसली. मावशीला नवीचं बोट दिसत होतं, ते पानाच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर होतं.

"गाळली खरी," मावशी म्हणाली. चष्मा काढून तिने पुसला, आणि पुसायला जरा जास्तच वेळ घेतला. "हरवलेला मोजा सासूबाईंच्या हातात होता," तिने पुढे सुरू केलं, आणि अकरा सुया धावायला लागल्या.

पाच वाजता बायका आपापली ओळ बाराव्या डोक्यावर बांधून एकेक करत निघून गेल्या. नवी शेवटी आली. तिने ओळ बांधली आणि पिशवी उचलली. मावशी डोक्याजवळ वाकली. बोटं गेली होती, नजर शाबूत होती. तिने केसांवरून तळवा फिरवला आणि अर्ध्या ओळीचे केस हातात आले.

"उसव," मावशी म्हणाली. "सुई फिरवायच्या आधीच ओढतेस तू. पहिल्यापासून धर, मी सांगते."

नवीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "एवढी थाप मारली मी तुमच्यासाठी. गोष्टीत खोटं चालतं आणि गाठीत चालत नाही?"

"गोष्ट सुटली तर माझी खुर्ची जाते," मावशी म्हणाली. "हा टोप ज्या बाईच्या डोक्यावर जायचा आहे, तिचे केस एकदा गेलेत. पुन्हा जायला नकोत."

नवीने पिशवी खाली ठेवली, ओळ उसवली आणि स्टूल ओढून घेतलं. मावशी खुर्ची सरकवून शेजारी बसली. पुस्तक खोक्यात होतं, त्यामुळे ती नुसतीच सांगत होती, आता फिरव, आता ओढ, आता सोड. सहा वाजता ओळ पुरी झाली. मावशीने तळवा फिरवला. एकही केस निघाला नाही.