गंधकाची सलाईन

थेंब. नळीत तो फुगतो, लोंबतो, पडायच्या आधी अडतो — हरणाबाईचा श्वासही तिथंच अडतो... पडला बाई एकदाचा. मूठभर नात काचेच्या पेटीत, आणि तिचं सगळं जेवण त्या नळीतून. सून मंगल खालच्या वॉर्डात टाक्यांनी आखडून पडलेली, म्हणून आजीला पेटीपाशी येऊ देतात. हात धुवायचे, झरोक्यातून पोरीला जरा शिवायचं, परत जायचं. तोंडानं काही द्यायचं नाही.

काल डॉक्टर अंकितांनी समजावलं होतं — गंधकाचा एक घटक आपलं शरीर अन्नातून घडवतं, कमी दिवसांच्या पोराला ते अजून जमत नाही, म्हणून तो सलाईनमधून. गंधक? मेंढराच्या खरजेला करंजाच्या तेलातून चोळतात ते? माणसाच्या लेकराला गंधक चालतं आणि दूध तेवढं चालत नाही! जन्मभर तिनं मरतुकडी कोकरं कशी उठवली? बोट दुधात बुडवून टाळूला लावायचं. कोकरू चोखायला लागलं की जगलं म्हणायचं. नर्सची पाठ वळली तशी हरणाबाईनं कनवटीची बाटली काढली. शेळीचं दूध. आणि पोरीनं चोखलं, खरंच चोखलं हो... म्हातारीला काय आनंद झाला होता तेव्हा!

आज पोरीचं पोट टम्म फुगलेलं.

“आजी, तोंडातून काही दिलंत का?”

“न्हाई वो बाई. म्या कशाला दीन?” किती पटकन निघालं ते.

डॉक्टर नर्सकडे वळल्या. “पोटाच्या एक्स-रेत अजून काही दिसत नाही. रक्तातलं आम्ल मात्र वाढलंय. त्या गंधकाच्या औषधानं होतं कधीकधी. आधी ते थांबवू.”

सांगावं. आत्ताच. पोरीला जे हवं तेच काढून घेतायत ह्या... पण मंगल काय म्हणेल? आपला लेक पुन्हा आपलं तोंड तरी बघेल का? आवं बाई, थांबा — एवढंच तर म्हणायचं. आणि मग आत काहीतरी सैल पडलं. औषधावर गेलं, आपल्यावर नाही. पोर धापा टाकत होती आणि हरणाबाईला बरं वाटलं — उन्हातून सावलीत आल्यासारखं, चांगलं बरं वाटलं.

ते तिच्या ध्यानात आलं. इतका वेळ पोरीच्या जिवाची भीती होती, आता स्वतःचीच वाटू लागली. नर्स सलाईनची बाटली सोडवत होती. अजून वेळ होता... आणि हरणाबाईला कळेना, आपण बोलायचं बळ गोळा करतोय, की ती बाटली निघायची वाट बघतोय.