चरबी काढणाऱ्याचा डबा

"तुमच्याकडे लहान मुलं किती असतील हो, मावशी?"

सातुर्नीनाने कोकाच्या पानांचा बोकाणा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. चालत्या ट्रकमध्ये, बटाट्याच्या पोत्यांवर बसलेला अनोळखी माणूस पोरं मोजायला लागला, तर शहाण्या बाईने काय समजायचं? त्याच्या मांडीवर थर्माकोलचा पांढरा डबा होता, चिकटपट्टीने गच्च बांधलेला. पहाटेपासून त्याने तो एकदाही खाली ठेवला नव्हता.

"गाव कुठलं तुमचं?" त्याने पुन्हा विचारलं.

"लांबचं."

आधीच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. खाली जंगलात, युराकमायोला, तिची लेक मारुखा राहायची. मारुखाच्या सहा वर्षांच्या विल्बरला झोपेत रक्त पिणारं वटवाघूळ चावलं होतं. शेजारच्या वस्तीत अशीच दोन पोरं महिन्याभराने पिसाळून मेली होती. निरोप मिळताच सातुर्नीनाने एक काळं गिनीपिग झोळीत घातलं. ते आजाऱ्याच्या अंगावरून फिरवलं की दुखणं ओढून घेतं, हे कोणीही सांगेल. मग तिने मिळेल तो ट्रक पकडला होता.

आणि त्या ट्रकमध्ये नेमका हा!

"पानं दिली तर घेतली नाहीत," ती शेजारच्या बासिलियाच्या कानाशी लागली. "सकाळपासून घास नाही खाल्ला. यात काहीतरी पाणी मुरतंय."

"गोरा आहे. चष्मा पण आहे."

"न्याकाकच आहे मेला! माणसाला गुंगी घालून अंगातली चरबी काढतात. शहरातल्या यंत्रांना लागते म्हणे."

"माझ्या काकांच्या साडूची काढली होती. वर्षभर झुरून गेला बिचारा."

"तो दारूने गेला गं."

"दारू का प्यायला लागला, ते विचार ना!"

खिंडीत ट्रक थांबला. धोंड्यांच्या ढिगापाशी सगळे उतरले. डोंगराला तीन पानं ठेवल्याशिवाय कालिस्तो ड्रायव्हर गाडी उतरणीला लावत नसे. नुकतीच गारपीट होऊन गेली होती आणि वारा अंग कापत होता. गोरा तेवढा डब्याला मिठी मारून वर बसून राहिला.

"अहो साहेब, उतरा की," कालिस्तो म्हणाला. "डोंगर काय तुम्हाला खाणार नाही."

"डबा सोडून नाही येता येणार."

"एवढं काय आहे त्यात?"

"औषध."

"मग दाखवा."

"उघडलं तर बिघडेल."

"खाई त्याला खवखवे!" सातुर्नीना ओरडली आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईने ट्रकवर चढली. मागोमाग चढलेल्या दोघा उतारूंनी त्याचे हात धरले. तिने चाकूने चिकटपट्टी कापली. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार पांढऱ्याफट्ट, घट्ट लाद्या होत्या.

"चरबी!" बासिलियाने छातीवर क्रूस काढला.

सातुर्नीनाने एकेक लादी उचलून दरीत भिरकावली. चौथी फेकताना बोटं बधिर झाली, पण रागाच्या भरात तिकडे कोणाचं लक्ष जातंय!

"अहो, बर्फ होता तो!" माणूस आता रडकुंडीला आला होता. "मिठाच्या पाण्याचा बर्फ! खाली बघा ना, बाटल्या आहेत. लस आहे ही. वटवाघळं चावलेल्या पोरांची. युराकमायोला अकरा पोरं आहेत म्हणतात, जास्तही असतील. म्हणून तर मघापासून विचारतोय!"

 सातुर्नीना पोत्यावर टेकली. तिच्या विल्बरचा जीव तिने स्वतःच्या हाताने दरीत फेकला होता.

"मागे फिर," ती कालिस्तोला म्हणाली.

"वेड लागलंय का? एकेरी रस्ता, आज फक्त खाली उतरणाऱ्या गाड्यांचा वार. समोरून गाड्या आदळतील." त्याने डब्यात डोकावून पाहिलं. "नवा बर्फ आणायचा तर तीन दिवस धरा. आणि खाली भट्टी आहे नुसती."

तिने खडकांमागच्या गारांकडे पाहिलं. मग उठली. तिचा बाप हिमकड्यावरून बर्फ तोडून बाजारात विकायचा आणि चार तासांच्या उन्हातून तो कसा न्यायचा, हे ती परकराच्या वयात शिकली होती.

"बासिलिया, गवत उपट! कोरडं, लांब पात्यांचं. बाकीच्यांनी खडकांमागच्या गारा आणा. सावलीतल्याच आणा, उन्हातल्या नकोत!"

तिने गारा दाबदाबून गोळे केले, गवतात गुंडाळले. "बाटल्यांना टेकता कामा नयेत," माणूस म्हणाला. त्याचं नाव रुफिनो होतं, हे आत्ता कळलं. तिने मधे गवताचा थर घातला आणि खांद्यावरची लग्नातली लोकरीची चादर डब्याभोवती आवळून बांधली.

उतरणीवर धुकं आलं, नेच्यांची झाडं आली, मग अंगाला चिकटणारा उकाडा आला. डबा आता तिच्या मांडीवर होता. कोणी नुसतं बघितलं तरी ती डोळे वटारायची.

युराकमायोला रुफिनोने डबा उघडून आतली तापमानाची नळी पटकन उजेडात धरली.

"आठ अंश. अगदी काठावर, पण चालेल."

सातुर्नीना सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली. तिला लाज वाटली नाही.

पोरं रांगेत उभी राहिली. विल्बर मात्र नव्हता. तो खांबांवर उभारलेल्या झोपडीच्या फळ्यांखाली दडून बसला होता. ती वाकली तशी त्याने तिचा हात धरून आत ओढायला सुरुवात केली.

"आजी, ये लवकर! तो न्याकाक आहे! तूच सांगितलंस ना, गोरा असतो, डबा घेऊन येतो म्हणून!"

"नाही रे राजा. औषध आहे ते."

"असंच सांगतात ते. तूच म्हणाली होतीस."

"न्याकाक बिकाक कोणी नसतं, बाळा."

विल्बरने तिचा हात सोडला. "म्हणजे तू खोटं सांगितलंस?"

"हो."

"मग आता खरं सांगतेस कशावरून?"

 तिने त्याला ओढून बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि त्याचा दंड घट्ट धरला. रुफिनोने सुई टोचली. विल्बर रडला नाही. तो टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होता. केसांतून फिरवायला तिने हात पुढे केला, तेव्हा त्याने मान बाजूला घेतली.