आवाज मोठा नव्हता

मी एक काळी तबकडी बोलतेय. जन्मभर मी दुसऱ्यांची गाणी गायले. चार लांब केसांच्या इंग्रज पोरांचं ढणढणतं संगीत माझ्या अंगावर कोरलेलं आहे, तेवढंच मला येतं. आज मात्र माझं स्वतःचं सांगायचं आहे, कारण माझ्यावर एक आळ आला होता.

माझा जन्म कलकत्त्याजवळच्या एका कारखान्यात झाला, सत्त्याहत्तर साली. विलायतेहून गाण्यांची टेप यायची, तीही मूळ नव्हे, नकलेची नक्कल. गरम काळा गोळा साच्यात दाबला, वाफ निघाली आणि मी झाले. जन्मतःच मी थोडी कमी होते. खर्जाचा सूर पातळ होता आणि झांजा लांबून वाजल्यासारख्या वाटायच्या. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्यापेक्षा चांगलं कुणी भेटेपर्यंत ते कुणालाच ठाऊक नसतं.

नाशिकच्या एका दुकानात मला अविनाश खैरनार नावाच्या मुलाने उचललं. तो इंजिनीअरिंगला होता. इंग्रजी शब्द त्याला निम्मेसुद्धा कळत नसत, पण डोळे मिटून तो बोटांनी गुडघ्यावर ताल धरायचा. माझी आठही गाणी त्याला सुरासकट पाठ झाली.

पुढे नोकरीसाठी तो सिल्वासाला आला, मला पेटीत कपड्यांच्या मध्ये ठेवून. शहराबाहेर अथालला धाग्याचा कारखाना होता. तिथली यंत्रं तिन्ही पाळ्यांत धडधडत असत. अविनाश यंत्राजवळ नुसता उभा राहायचा आणि सांगायचा, "पाच नंबरचं बेअरिंग जाणार, बंद करा." खोलून बघितलं की बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. मालक पाहुण्यांना गुजरातीत सांगायचे, "खैरनारसाहेबना कान एटले मशीन छे." म्हणजे साहेबांचे कान म्हणजे यंत्रच. तो संध्याकाळी घरी येऊन हे सांगायचा आणि लाजून हसायचा.

कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत. तो ते खिशात ठेवायचा. "कान बंद केले तर मशीनचं दुखणं कळणार कसं?"

त्याचं लग्न मीनाक्षीशी झालं. ती डहाणूकडची, सिल्वासाच्या मराठी शाळेत शिक्षिका. आवाज इतका बारीक की वर्गात पोरं शांत कशी बसत असतील, याचं मला नवल वाटे. पहिल्यांदा तिने मला ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, यांना कुणी मारतंय का?" वर्षभरात मात्र सिल्वासातल्या आमली भागातल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये रविवारी सकाळी पोहे करताना तीच माझं तिसरं गाणं गुणगुणायला लागली. शब्द सगळे चुकीचे, चाल मात्र बरोबर. मुलगी झाली, केतकी. तीही माझ्यासमोर रांगली.

वर्षं गेली. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की अविनाश मला पूर्वीसारखा ऐकत नाही. सुईवर धुळीचा पुंजका बसून मी फरफरले तरी तो उठायचा नाही. पूर्वी तो तेवढ्यासाठी जेवणावरून उठून यायचा. दुकानदार काही म्हणाला, की मीनाक्षी तेच पुन्हा त्याच्या कानाजवळ म्हणायची, सहज बोलल्यासारखं. लग्नकार्यात ती त्याचं कोपर सोडायची नाही. लोकांना वाटे, किती प्रेम आहे! प्रेम तर होतंच. पण त्या कोपराला धरून ती त्याचं गुपित सांभाळत होती. तो निवृत्त झाला तरी ते फुटलं नाही.

आता तो दिवस सांगते.

रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. मीनाक्षी म्हणाली, "हळू ठेवा हो आज. डोकं ठणकतंय." हे तिने त्याच्या समोर उभं राहून, नीट ओठ हलवून सांगितलं. त्याने बटण मागे फिरवलं, बरंच मागे. मी अगदी कुजबुजत गायला लागले. ती आंघोळीला गेली. त्याने माझी दुसरी बाजू लावली आणि आरामखुर्चीत डोळे मिटले.

पहिल्या गाण्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग हाक आली, "अहो." पुन्हा, "अहो, ऐकता का?"

मी ऐकत होते. तो गुडघ्यावर ताल धरून बसला होता. दुसऱ्या गाण्यात हाक क्षीण झाली. तिसऱ्यात ती नुसती "अहो" एवढंच म्हणत होती, मध्ये बराच वेळ थांबून. चौथ्यात काही ऐकू आलं नाही. मला थांबता येत नाही. सुई उचलायला माणसाचा हात लागतो.

तेवढ्यात भांडी घासणाऱ्या तानूबाई मागच्या बोळातून धावत आत आल्या. "साहेब! बाई आत वरडत होत्या, मला भायेर ऐकाय आलं! तुमाला नाय आलं?"

तो उठला, त्याने न्हाणीच्या दाराला धडका दिल्या, कडी तुटली. तिच्या डोक्याला मार बसला होता. दवाखान्यात मीनाक्षी चार दिवस होती. डॉक्टरांनी विचारलं, "पडून किती वेळ झाला होता?" त्याला सांगता आलं नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

घरी माणसं जमली. कुणीतरी विचारलंच, की तुम्ही तर बाहेरच्याच खोलीत होतात ना? तेव्हा अविनाश भिंतीकडे बघत म्हणाला, "रेकॉर्ड लावली होती. आवाज मोठा होता. ऐकूच आलं नाही."

मी कपाटावर पडले होते. मी काय बोलणार?

पण दाराशी उभ्या तानूबाई बोलल्या. "आवाज कुठे मोठा होता साहेब? बारीक होता. मला बोळात बाईंचा आवाज आला, गाना नाय आला."

"तुला काय कळतं?" तो ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "उद्यापासून येऊ नकोस तू."

तानूबाईंनी पदर सावरला आणि त्या निघून गेल्या. त्या जवळच्या रांधा गावी आपल्या लेकाकडे राहायला गेल्या, असं पुढे कानावर आलं. केतकीने वडिलांचं म्हणणं खरं मानलं. आईच्या हाकेवर एका रेकॉर्डने आवाज चढवला, असंच ती समजली. जाताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा माझ्या अंगावर एक चरा उठला असता तर बरं झालं असतं.

मग पाच वर्षं मी कपाटात होते. तिथल्या दमट हवेत माझ्या अंगावर पांढरी बुरशी धरली.

गेल्या हिवाळ्यात त्याला सदुसष्ट पूर्ण झाली. केतकी पुण्याहून गाडी घेऊन आली. ती ध्वनिमुद्रणाचंच काम करते. किती दिवस राग धरायचा, असं तिला वाटलं असावं. तिने एक चकचकीत पाकीट त्याच्या हातात दिलं. आत मीच होते. म्हणजे माझीच गाणी, पण जाडजूड, तुकतुकीत, नवी कोरी.

"बाबा, रिमास्टर केलीय. मूळ टेप काढून, साफ करून, पुन्हा कोरलीय. ऐका तर."

तिने प्लेअर पुसला, सुई बदलली आणि ती नवी तबकडी लावली. खरं सांगते, मी थक्क झाले. ढोलाचा ठोका जमिनीतून आला. माझ्यात कधी नव्हता असा खर्ज खोलीभर पसरला. झांजा अशा चमकल्या, की मला वाटलं, आपण इतकी वर्षं या गाण्यांची नुसती नक्कल केली.

अविनाशच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती वर्षांनी झांज ऐकली मी!"

केतकी मात्र कपाळाला आठी घालून ऐकत होती. "छान आहे. पण दमवते हो बाबा. हळू जागा हळू ठेवल्याच नाहीयेत. कुजबूज आणि किंकाळी एकाच उंचीवर आणून बसवलीय. जुनीत असं नव्हतं." आणि तिने मला बाहेर काढलं. बुरशी पुसली. पाच वर्षांनी सुई माझ्या अंगाला लागली.

मी गायले. जितकं उरलं होतं तितकं गायले. तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी मी तडतडत होते.

"किती खरखरते!" केतकी म्हणाली.

"कुठे खरखरते?" तो म्हणाला. "स्वच्छ तर आहे. फक्त जरा दबल्यासारखी."

केतकी त्याच्याकडे बघत राहिली. मग ती उठून त्याच्या खुर्चीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा." तो ताल धरून होता. "बाबा." तो वळला नाही. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच, तेव्हा तो दचकला.

ती समोर येऊन बसली. "बाबा, त्या दिवशी आवाज किती मोठा होता?"

 हात लांब करून त्याने बटण मागे फिरवलं. आणखी मागे. मी कुजबुजू लागले.

"एवढा."

"एवढा तुम्हाला ऐकू येतो?"

"नाही."

"मग काय ऐकत होतात?"

"ऐकत नव्हतो गं. आठवत होतो. पाठ आहे मला सगळं."

केतकीने तोंडावर हात ठेवला. "आईला माहीत होतं? तुमच्या कानांचं?"

"तिनेच तर झाकलं. कानांवर पोट होतं माझं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग सांगायला तोंडच उरलं नाही."

"आणि मी पाच वर्षं या गाण्यांचा राग केला बाबा."

ती उठून मागच्या बोळात गेली. बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती एवढंच म्हणाली, "उद्या वापीला जायचं. कान तपासायला."

चार दिवसांत त्याच्या दोन्ही कानांवर छोटी यंत्रं बसली. घरी आल्याबरोबर त्याने मला लावलं. मी मनातून किती आनंदले होते म्हणून सांगू! पण पहिला सूर लागायच्या आतच त्याचा चेहरा उतरला.

"इतकी खरखर होती हिच्यात?"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या अंगाची लाज वाटली. त्याच्या आठवणीत जी गात होती ती कुणी वेगळीच होती. त्याने हलकेच सुई उचलली.

"ही मी घेऊन जाऊ?" केतकीने विचारलं. "आई असताना वाजायची ती हीच."

"ने. मला नवी पुरे."

त्याने रागाने म्हटलं नाही, खरं तेच म्हटलं. खरं जास्त लागतं.

निघताना केतकीने त्यालाही गाडीत बसवलं आणि गाडी रांध्याकडे वळवली. मी मागच्या सीटवर होते. तानूबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. तो उतरून त्यांच्यासमोर उभा राहिला. साहेब म्हणून ज्याने आयुष्य काढलं तो माणूस शब्द शोधत होता.

"तानूबाई, तू सांगितलंस ते खरं होतं. आवाज मोठा नव्हता. मला ऐकू येत नव्हतं. मी खोटं बोललो, आणि तुला घालवलं."

सूप थांबलं. "मला म्हायती हाय ना साहेब. मी तिथंच होते." सुपातले तांदूळ बोटांनी सारखे करत त्या म्हणाल्या, "बाई माज्याशी लई चांगल्या होत्या." मग त्यांनी बाज पुढे ओढली. "बसा. पाणी आनते."

माझ्यावरचा आळ असा एका अंगणात उतरला. मीनाक्षी त्याने परत आली नाही.

आता मी पुण्यात केतकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कप्प्यात उभी आहे. तिच्याकडे उत्तम प्लेअर आहे. तिने मला अजून लावलेलं नाही. एकदा पाकिटातून अर्धी काढली, हाताने कड चाचपली आणि पुन्हा आत सारली.

दर रविवारी सकाळी सिल्वासाहून फोन येतो. तो विचारतो, "लावलीस का?"

"नाही बाबा. अजून नाही."

"बरं."

 तिने त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही, कदाचित तिलाही नसेल. फोनमधून त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहतो. ती खिडकीशी उभी असते. ठेवते म्हणत नाही, तोही म्हणत नाही.

माझं गाणं आता कुणी ऐकावं असा माझा हट्ट नाही. माझ्यापेक्षा चांगली गाणारी त्याच्या घरी आहे. तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे, तुम्ही देवाला मानत असाल तर त्याच्या कानावर घाला. या दोघांपैकी कुणीही तो फोन आधी ठेवू नये.