हलक्या बाजूला शिसं

या, असे जवळ सरून बसा. मागं उभे आहेत त्यांनाही पुढं बोलवा. मनात जागा असली की जमिनीवरही होते. गोष्ट सांगायची आहे ती राजाची नाही, संताची तर नाहीच. तराजूचे काटे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची आहे. पण देव काय फक्त मोठ्यांच्या घरीच उतरतो? कधी कधी तो दोन बोटांवर तोललेल्या लाकडी विमानावरही येऊन बसतो. ऐका तर खरं.

"हे साडेसहा सीसीचं आणि हे दहाचं," दुकानदारानं दोन इंजिनं काउंटरवर मांडली. रिमोटवर उडणाऱ्या विमानांचं सामान विकणारं ते दुकान. "तुमच्या विमानाचा पंख केवढा आहे?"

काटेवाल्यानं दोन्ही हात पसरले. "एवढा. अजून थोडा बाहेर उरतो."

"मग साडेसहा घ्या. डोळे मिटून घ्या."

काटेवाल्यानं डोळे मिटले खरे, पण दोन हातांत दोन इंजिनं घेऊन. आयुष्यभराची सवय. "हे जास्त भरतंय," तो दहाचं वर करून म्हणाला.

"भरणारच की! पण तुम्हाला विमान उडवायचंय की नांगर ओढायचाय?"

"विमान माझ्या दादाचं आहे," काटेवाला म्हणाला. "त्याला काही कमी पडायला नको."

भावाचं नाव निघालं की सीसीचा हिशेब गप्प बसतो. त्यानं दहाचं इंजिन खोक्यात घालून दिलं.

दादा म्हणजे काटेवाल्याचा थोरला भाऊ. तसबिरींच्या चौकटी करायचा. चौकटींतून वेळ उरला की हलक्या लाकडाची विमानं करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर जाऊन उडवायचा. शेवटचं विमान पूर्ण झालं होतं. पंखांवर पिवळी फिल्म ताणून बसवलेली, चाकं लावलेली, नाकात इंजिनाची जागा तेवढी रिकामी. "साडेसहा बसवू की अजून लहान?" असं तो बायकोला विचारत होता, आणि ते ठरायच्या आधीच एका रात्री झोपेतच गेला. कोणाला हाक नाही, त्रास नाही.

वहिनी घर सोडून लेकीकडे राहायला जाणार होती. महिनाअखेरीला जायचं हे पक्कं झालं होतं, सामान वाटून झालं होतं. तिनं दिराकडे एकच गोष्ट मागितली. "भावजी, जायच्या आधी ते एकदा उडलेलं बघायचंय मला. मग माझं इथलं संपलं."

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा काटेवाला शाळेत जात होता. आई लवकर गेलेली. त्याच्या शर्टाची बटणं वहिनीनं लावली, तापात उशाशी वहिनी बसली. ती जाणार म्हटल्यावर हा माणूस तोंडानं "जाऊ नका" म्हणाला नाही. रोज संध्याकाळी जाऊन तिच्या घरात काहीतरी बसवत राहिला. न्हाणीघरात धरायला दांडी. दाराला दुसरी कडी. जिन्यात दिवा.

"अहो, जाऊबाई निघाल्यात," त्याची बायको म्हणाली, "आणि तुम्ही त्यांच्या घराला दांड्या काय बसवताय? जाताना काय दांडी धरून जायचंय त्यांनी?"

"असू दे. असलेलं बरं."

"घरमालक तुमचा फोटो लावेल भिंतीवर!"

काटेवाला हसला आणि विमानाकडे वळला.

आता इथं त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तराजूची एक बाजू जड भरत असली, तर जड बाजू कधी तासायची नाही. हलक्या पारड्याच्या बुडाशी खोबण असते, तिच्यात शिसं भरायचं. त्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: तासलेलं परत येत नाही, भरलेलं काढता येतं. हातातली कानस त्यानं काढून घेतली होती आणि शिशाची डबी हातात दिली होती. त्या डबीवर काटेवाल्याचा जन्म गेला. किती दुकानांचे काटे त्यानं तिच्या जिवावर सरळ केले असतील, देव जाणे.

तर दहाचं इंजिन नाकात बसलं. बसलं कसलं, बसवलं. फळी पुरेना म्हणून मागून दुसरी जाड फळी लावली. पंखांखाली दादानं पेन्सिलीनं दोन खुणा केल्या होत्या. तिथं दोन बोटं टेकवून विमान उचललं की ते आडवं, समतोल राहायला हवं. काटेवाल्यानं उचललं. नाक धाडकन खाली.

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. हात आपोआप डबीकडे गेला. शेपटीच्या पोटात शिसं भरलं. विमान आडवं झालं. पण आता ते जड झालं, म्हणून चाकांची तार बारीक वाटायला लागली. जाड तार घातली. इंजिन मोठं, म्हणजे इंधन जास्त पिणार. टाकी मोठी घातली. टाकीनं नाक पुन्हा झुकलं, म्हणून शेपटीत आणखी थोडं शिसं. माणसाचा धंदा हातात असतो तोवर गुणाचा. डोक्यात चढला की माणूस जगाची सगळी कुलपं एकाच किल्लीनं उघडू बघतो.

विमान घेऊन तो वहिनीकडे गेला. "बघा, समतोल."

वहिनीनं दोन बोटं खुणांवर टेकवली आणि विमान सावकाश उचललं. दादा प्रत्येक विमान तिच्याच बोटांवर तोलून बघायचा. त्याची बोटं सरसानं चिकट असायची म्हणून. विमान तिच्या बोटांवर आडवं राहिलं, हललं नाही.

"समतोल आहे," वहिनी म्हणाली. "पण जड आहे हो, भावजी."

"समतोल आहे ना? झालं तर मग!"

अर्धं वाक्य ऐकायची खोड आपल्या सगळ्यांनाच असते.

माळावर विमानं उडवणाऱ्यांत हात सगळ्यांत चांगला बसवालीचा. शहराची बस चालवायची, आणि सुट्टी असली की विमान. दादाची जुनी मैत्रीण. वहिनीला बघून तिनं आधी तिला मिठी मारली, मग विमान उचललं आणि भुवया चढवल्या.

"काका, यात प्रवासी बसवलेत की काय?"

"इंजिन मोठं आहे ना," काटेवाला छाती काढून म्हणाला. "वर जायला काही अडचण नाही."

"वर जाईल," बसवाली म्हणाली. "वर जायचं मला काही वाटत नाही."

आणि गेलंच वर. दहाचं इंजिन गरजलं, गवतावर जेमतेम धावून विमानानं जी उडी घेतली ती थेट ढगांकडे. वहिनीनं तोंडावर हात धरला. काटेवाल्यानं चार अनोळखी लोकांना "माझ्या दादाचं!" असं सांगितलं. पिवळा पंख उन्हात चमकत वळला, पुन्हा वळला. बसवाली मात्र हसत नव्हती. तिची नजर विमानावर आणि जबडा आवळलेला.

"थांबायलाच तयार नाही हे," ती पुटपुटली. "आता उतरवते. जरा मागं सरा सगळे."

तिनं इंजिनाचा जोर कमी केला. त्याबरोबर त्या विमानाला आपण किती जड आहोत ते आठवलं असावं. एक पंख डुलला, कलला, आणि ते दगडासारखं गवतात आलं. आवाज मोठा झाला नाही. हलकं लाकूड मोडतं तेव्हा काडी मोडल्यासारखंच वाजतं.

काटेवाला धावला. प्रोपेलर तुटला होता, चाकं निखळली होती, डाव्या पंखाच्या टोकाच्या फासळ्या गेल्या होत्या. शेपूट उघडी पडली होती. बसवालीनं तिच्यात बोटं घालून एक करडा तुकडा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा.

"काका, हे काय आहे?"

"शिसं."

"शेपटीत कशाला?"

"नाक जड झालं होतं."

"मग नाक हलकं करायचं ना! लहान इंजिन बसवायचं!"

"जड बाजू तासायची नसते," काटेवाला म्हणाला. म्हणताना त्याचाच आवाज त्याला कसातरी वाटला. "हलक्या बाजूला भरायचं असतं."

"अहो, तुमचा तराजू टेबलावर बसलेला असतो! ह्याला हवेनं धरायचंय." ती तुकडे तळहातावर घेऊन उभी राहिली, आणि मग तिचा आवाज मऊ झाला. "काका, चढायला इंजिन लागतं. उतरायला पंखच लागतो. आणि पंखाला जेवढं झेपतं तेवढंच झेपतं."

काटेवाला मान खाली घालून उभा होता. वहिनीची एवढीशी इच्छा, आणि ती आपण गवतात पाडली. तेवढ्यात त्याच्या कानावर हसू आलं. वहिनी हसत होती. दादा गेल्यापासून तिला कोणी हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "भावजी, तुम्ही लहान असताना मी दोघांना खाऊ द्यायची, आठवतं? तुम्ही रडायचात, दादाला जास्त दिला म्हणून."

"आणि तुम्ही मला अजून द्यायचात."

"मी कुठली देतेय? डब्यात असायचा कुठं! तुमचे दादा आपल्यातला एक घास खाऊन टाकायचे आणि म्हणायचे, बघ, झाले सारखे. तुम्ही लगेच गप्प."

काटेवाल्यानं वर बघितलं. हे त्याला आठवत नव्हतं. त्याला वाटत आलं होतं, आपल्याला नेहमी वरून मिळालं.

"चला," वहिनी म्हणाली, "फासळ्या चिकटवायला मी येते. मला येतं ते."

महिनाअखेर जवळ आली होती. काटेवाल्यानं दहाचं इंजिन उतरवलं. पुन्हा त्याच दुकानात गेला. दुकानदारानं काही न विचारता साडेसहाचं काढून ठेवलं, भला माणूस. घरी येऊन काटेवाल्यानं एकेक वस्तू काढायला घेतली. जाड फळी काढली, मोठी टाकी काढली, जाड तार काढली. प्रत्येक वेळी हात सवयीनं डबीकडे जाई. तिसऱ्या वेळी डबी जागेवर नव्हती.

"मी ठेवलीय," आतून बायको म्हणाली. "जाऊबाई गेल्या की देईन."

नाक अजून किंचित झुकत होतं. काटेवाला बराच वेळ विमान बोटांवर धरून बसला. मग त्यानं रिमोटच्या यंत्राला लागणारी पोटातली बॅटरी दोन बोटं मागं सरकवली. विमान आडवं झालं. काही भरलं नाही, काही तासलं नाही. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे त्याला कधी सुचलं नव्हतं, आणि त्याचं त्याला हसूही आलं.

माळावर या वेळी त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. विमान गवतावरून चांगलं लांब धावलं. इतकं की काटेवाला चार पावलं पुढं सरकला. मग चाकं सुटली गवतापासून. घाई नाही, गर्जना नाही. कोणी जिना चढावा तसं ते वर गेलं आणि सावकाश, मोठाली वळणं घेत राहिलं. वहिनी मान वर करून बघत होती.

"आता इंजिन बंद करते," बसवाली म्हणाली.

"अहो, पडेल!"

"बघा तर."

आवाज थांबला. माळावर वारा तेवढा ऐकू येत होता. पिवळं विमान पंखांवर टेकून राहिलं, कुणीतरी खालून दोन बोटं लावल्यासारखं. एक फेरी घेतली, आणि येऊन गवतात बसलं. वहिनीनं वर केलेली मान खाली आणली.

"आलं खाली," ती म्हणाली. "नीट आलं."

ती निघाली त्या सकाळी काटेवाला गाडीपर्यंत पोचवायला गेला. काखेत भलंमोठं बोचकं होतं: नवी शाल, थर्मास, विजेरी, औषधांचा डबा, वाटेत टेकायला उशी. बायकोनं दारात बघितलं होतं, पण या वेळी तिनं थट्टा केली नव्हती. वहिनीची एकच पिशवी होती. ती गाडीत ठेवायला त्यानं उचलली आणि सवयीनं हातातल्या हातात तोलली.

"हलकी आहे," तो म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाली. "छान उचलवते मला."

काटेवाल्यानं पिशवी तिच्या पायाशी ठेवली. काखेतल्या बोचक्याकडे वहिनीनं एकदा बघितलं, पण त्यानं ते पुढं केलं नाही. गाडी हलली. तिनं खिडकीतून दोन बोटं वर केली, विमान उचलताना करायची तशी. गाडी वळेपर्यंत काटेवाला उभा होता. मग ते सगळं बोचकं तसंच काखेत घेऊन घराकडे चालू लागला, या काखेतून त्या काखेत बदलत.

माझं मागणं मोठं नाही. पुढं कधी दुकानात काही मोजून घ्याल, आणि काटा इकडेतिकडे डुलून मधोमध येऊन उभा राहील, तेव्हा त्या काटेवाल्याची आठवण काढा. जास्त नको. क्षणभर पुरे.